चार फूट एक इंच पाणी

सोमवार, ९ मे १९८३

ही डायरी ऑफिसकडून जानेवारीत मिळाली होती. कोरीच होती. पूर्वी संध्याकाळी चहा घेताना दिवसभरात काय झाले ते प्रेमलताला सांगत असे. ती भाजी निवडत ऐकायची, लक्ष नसले तरी हं म्हणायची. तिला जाऊन उद्या चार महिने होतील. सांगायचे साठत गेले आहे, म्हणून लिहून पाहतो.

आज आमचे शाखाधिकारी दत्तोपंत यांनी बोरझरीची फाइल दिली. बोरझरी खाप्याच्या पुढे पाच मैलांवर आहे. बहात्तरचा दुष्काळ, मग एकोणऐंशीचा. पाऊस आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही, तेव्हा कमी पावसातही गावाने तग धरावा म्हणून सरकारने ही योजना काढली. एक्याऐंशीच्या उन्हाळ्यानंतर तिथल्या नाल्यावर तीन दगडी बांध घातले आणि टेकडीवर झाडे लावली. आमच्या मूल्यमापन शाखेचे काम एवढेच की पैसा गेला तिथे काही झाले का ते मोजायचे. झाडे किती जगली, बांधामागे गाळ किती साठला, आणि मुख्य म्हणजे विहिरीचे पाणी चढले की उतरले. विहिरीचे माप दरवर्षी १५ मे रोजी घ्यायचे असा नियम आहे.

गावाने नाल्याच्या वरच्या अंगाला आणखी पाच बांध मागितले आहेत. ३० तारखेला कमिटी बसेल. विहीर चढली असेल तर बांध मिळतील. नाही तर योजना बंद, आणि झाडांचा राखणदारही काढून घेतील.

दत्तोपंत म्हणाले, "तुम्हीच जा. तुम्हाला बाहेर पडणं बरं." मी मान हलवली.

गुरुवार, १२ मे

सकाळच्या एस.टी.ने खापा, पुढे भाड्याच्या सायकलने बोरझरी. ऊन फार. टेकडीवर राखणदार म्हणून देवकी नावाची बाई आहे. चाळिशीची असेल. हातात काठी, डोक्यावर पदर, तोंड सतत चालू. बरोबर गावचा कोतवाल लहानू, पासष्ट-सत्तरचा म्हातारा.

मी ओळीने झाडे मोजू लागलो. दोन रकाने, जिवंत आणि मेलेली. पहिल्या तीन ओळींत सागाच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. त्या मेलेल्यांत धरल्या. देवकी मागून पाहत होती.

"काय लिहून राहिले जी?"

"मेलेली झाडं."

"कोन मेलं?" तिने एका काडीची साल नखाने खरवडली. आत ओला हिरवा रंग. "हे मेलं म्हंता? उन्हाळ्यात साग उघडाच राह्यते. तुमी काय नागपूरचे हाये का?"

लहानू म्हणाला, "नागपूरचेच हाये वं ते."

"मंग बरोबर हाये," ती म्हणाली.

तीनही ओळी पुन्हा मोजल्या. आता प्रत्येक काडी खरवडून. शंभरात एकसष्ट जिवंत निघाली. वाईट नाही. नखे दुखत आहेत.

शनिवार, १४ मे

यमुताई, माझी थोरली बहीण, नागपुरातल्याच महाल भागातून बस बदलत माझ्याकडे प्रतापनगरला आली. उद्या अक्षय तृतीया, इकडे तिला तीज म्हणतात. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून ठेवतात, पूजा करतात, त्यांना जेवायला वाढतात. हे सगळे प्रेमलताच पाहायची. माझ्या आईवडिलांच्या घागरी ती नळाखाली भरून ठेवायची आणि मी फक्त नमस्कार करायचो.

यमुताई म्हणाली, "उद्या आमच्याकडे ये. प्रेमाची पहिली घागर. तुझ्या हातानं भरली पाहिजे."

मी म्हणालो, उद्या पंधरा तारीख आहे, बोरझरीच्या विहिरीचे माप घ्यायचे आहे.

"रविवारी?"

"तारीख ठरलेली आहे."

"काहून रे, सोमवारी विहीर पळून जाणार आहे का?"

नियम तिला समजावून सांगितला. ती ऐकून घेत होती, पण माझ्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत होती. जाताना डब्यात कुरडया ठेवून गेली.

रविवार, १५ मे

बोरझरीला अकराला पोचलो. ती विहीर नाल्याकाठी, खालच्या बांधाजवळ आहे. नऊ फूट व्यासाची, दगडी बांधणीची. बायकांची फार गर्दी होती. टेप सोडायला काठ मोकळा मिळेना. लिंबाखाली बसून राहिलो. देवकीने घरी नेऊन पुरणपोळी आणि कैरीचे पन्हे दिले. नको म्हटले तर ऐकेना.

"सणाचं घर सोडून आले, घरचे रागावतीन ना जी?"

"घरी कोणी नाही."

"मंडळी?"

"जानेवारीत गेल्या."

 तिने विचारले, "नाव काय होतं?" हे विचारायचे तिला काय कारण, असे वाटले, पण सांगितले. नंतर ती काही कामाने बाहेर गेली आणि मी ओसरीवर पडलो. डोळा लागला.

चारला गर्दी सरली. टेपच्या शेवटच्या फुटांना खडू लावला म्हणजे पाण्यात भिजलेली रेघ स्पष्ट दिसते. तीनदा सोडून पाहिले. काठापासून पाण्यापर्यंत २९ फूट २ इंच.

बांध नव्हते तेव्हा, एक्याऐंशीला, २८ फूट ४ इंच होते. गेल्या वर्षी २७ फूट १ इंच. म्हणजे यंदा पाणी बांधांच्या आधीपेक्षाही दहा इंच खाली गेले आहे.

देवकीला काही सांगितले नाही. सायकलवर चढलो तेव्हा ती म्हणाली, "बरं निघालं ना जी?" मी "पाहू" म्हणालो.

मंगळवार, १७ मे

अहवाल दिला. "निरीक्षण विहिरीच्या पातळीत अपेक्षित वाढ आढळून आली नाही." सही केली. दत्तोपंतांनी वाचून फाइल मिटली. "वाईट झालं. पण तुमचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. कमिटीत कोणी प्रश्न विचारणार नाही."

सत्तावीस वर्षांत एकही आकडा खोडलेला नाही हे खरे आहे. आज त्याचा आनंद वाटला नाही.

शनिवार, २१ मे

बांधांमागचा गाळ मोजायचा राहिला होता म्हणून पुन्हा बोरझरीला गेलो. सकाळी आठला पोचलो. देवकी विहिरीवर पाणी भरत होती. विचारलेच तिने. खोटे बोलता येत नाही. पाणी उतरले आहे, पुढचे बांध मिळणे कठीण आहे, असे सांगितले.

तिने बादली खाली ठेवली. "कोन म्हंते उतरलं?"

"मी मोजलं. एकोणतीस फूट."

"लहानूबाबा, आयकलं का गा? आपल्या हिरीचं पानी उतरलं म्हंते!" मग माझ्याकडे वळून, "मी रोज दोर सोडते जी. दोराले कळत नाही का? गेल्या साली दीड हात दोर जास्त लागे. तुमची फीत खोटी नाही तं तुमचे डोये खोटे."

तिला शांत करावे म्हणून टेप काढला. खडू लावला. सोडला. २५ फूट १ इंच.

पुन्हा सोडला. २५ फूट १ इंच.

सहा दिवसांत, पावसाचा थेंब नसताना, चार फूट एक इंच पाणी वाढले. असे होत नाही. लहानूला विचारले, पंधरा तारखेला विहिरीवर मोटार लावली होती का?

"मोटार कायची जी. तीज होती ना."

"तिजेचं काय?"

दोघे एकमेकांकडे पाहू लागले, जणू मी सूर्य कोणत्या बाजूने उगवतो ते विचारले.

देवकी म्हणाली, "घागरी नाही का भरत! आमच्या गावच्या साऱ्या घागरी या हिरीच्या. गोडं पानी. मेलेल्या मानसाले मचूळ पानी देतेत का? आन यंदा तं वरच्या टोलीचेबी आले, पल्याडच्या पारडीचेबी. त्यायच्या हिरी आटल्या. बांध झाल्यापासून आपलीच तेवढी भरली हाये. सकायपासून चार वाजेपर्यंत रांग होती. तुमी तं लिंबाखाली बसून पायत होते!"

पाहत होतो. खरे आहे. अख्खा दिवस पाहत होतो.

म्हणजे बोरझरी, वरची टोली आणि पारडी अशा तीन गावांनी उपसलेली विहीर मी मोजली आणि ती सुकत चालली म्हणून लिहिले. बांध उपयोगी पडले म्हणूनच ती तीन गावांनी उपसली होती.

टेप गुंडाळत असताना देवकी म्हणाली, "त्याच्यात एक घागर तुमच्या घरचीबी होती जी. प्रेमलताबाईच्या नावाची. तुमी तं इकडं निंघून आले. मंग तिची कोन भरन? मीच भरली. रागावू नका."

 गाळ मोजायला गेलो. खालच्या बांधामागे एक फूट आठ इंच, मधल्या बांधामागे एक फूट तीन, वरच्याचे माप लिहायचे राहिले.

रविवार, २२ मे

दिवसभर घरीच. कपाटात प्रेमलताच्या तापाचा तक्ता सापडला. सापडला म्हणजे तो कुठे आहे हे माहीत होते.

गेल्या दिवाळीनंतर तिला अशक्तपणा येऊ लागला. डॉक्टरांनी ताप लिहून ठेवायला सांगितले. मी रोज सकाळी सातला, ऑफिसला निघण्यापूर्वी, थर्मामीटर लावत असे. चौतीस दिवसांचा तक्ता आहे. कधी ९८, कधी ९८.४. एकही दिवस चुकलेला नाही. तक्ता पाहून डॉक्टर म्हणाले, ताप नाही, टॉनिक घ्या. तिला ताप दुपारनंतर चढायचा आणि पहाटेपर्यंत उतरायचा, हे फार उशिरा कळले. मी घरी येईपर्यंत ती उठून चहा टाकत असे. अंग गरम लागते का हे मी हात लावून पाहिले नाही, कारण तक्ता होता. ती म्हणालीही होती एकदा, "दुपारी कसंसंच होतं हो." मी तक्ता दाखवला.

हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. यमुताईलाही नाही.

उद्या दत्तोपंतांशी बोलायचे.

सोमवार, २३ मे

बोललो. नीट बोलता आले नाही. विहिरीचे माप चुकीच्या दिवशी घेतले गेले, असे म्हणालो.

"चुकीच्या? नियमात पंधरा मे आहे. तुम्ही पंधरालाच घेतलंत."

"त्या दिवशी तीज होती."

"मग? सरकार इंग्रजी तारखेनं चालतं." ते हसले. मग गंभीर झाले. "शरच्चंद्र, तुम्ही सही केली आहे. गावकरी चांगले असतात. जेवायला घालतात. जेवण चांगलं झालं की विहिरीचं पाणी चढतं. तीस वर्षं पाहतोय मी. तुमच्याबाबतीत हे होईल असं वाटलं नव्हतं."

पुरणपोळी आठवून मान खाली गेली. तरी म्हणालो, "मागच्या दोन वर्षांची पंचांगं पाहिली. एक्याऐंशीला तीज सात मेला होती. ब्याऐंशीला सव्वीस एप्रिलला. दोन्ही वेळा पंधरा मेपर्यंत विहीर पुन्हा भरलेली होती. यंदाच दोन्ही एका दिवशी आले."

"सिद्ध करा. त्या दिवशी किती पाणी काढलं? आकडा आणा. 'फार गर्दी होती' हे कमिटीला चालणार नाही."

आकडा कुठून आणणार? घागरी कोणी मोजल्या नाहीत.

बुधवार, २५ मे

किरकोळ रजा टाकून बोरझरीला गेलो. सकाळी आठचे माप २५ फूट २ इंच. लिंबाखाली बसलो आणि अडचण सांगितली.

लहानू म्हणाला, "घागरी मोजल्या नाहीत, पन मेलेले मोजता येतेत ना जी."

पहिल्यांदा समजले नाही. मग त्याने सांगितले. जिवंत माणूस कितीही पाणी काढतो, पण तिजेची घागर ज्याची त्याचीच असते. घरटी बापाच्या बाजूची एक आणि आईच्या बाजूची एक. वर्षात घरात कोणी गेले असेल तर त्याची वेगळी. कोतवालाचे काम म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची वर्दी ठाण्यात देणे. लहानूने ते अडतीस वर्षे केले आहे. त्याला सगळी घरे पाठ आहेत.

तो डोळे मिटून बोलू लागला आणि मी लिहू लागलो. वरच्या आळीपासून. महादेवरावांचे घर, दोन. रामाजीचे, दोन आणि औंदा त्याची आई गेली, तीन. रुख्मिणीचे, दोन. बायका पाणी भरायला येत होत्या त्याही थांबल्या, बसल्या.

"नत्थूजीच्या दोन," लहानू म्हणाला.

"तीन," एक बाई म्हणाली. "सासरा नाही का गेला त्याचा होळीले? घरजावई हाये तो."

"तो काय सासऱ्याची घागर भरन!" देवकी म्हणाली. "जिता होता तवा गिलासभर पानी नाही पाजलं त्यानं."

"भरली वं. मी सोता पायली. त्याच्या बायकोनं, गोपिकानं भरायले लावली."

"मंग तिची धर, त्याची नको धरू."

सगळ्या हसल्या. मी तीन लिहिले.

पार्वतीबाई नावाच्या म्हातारीने चार सांगितल्या. दोन नेहमीच्या, एक नवऱ्याची, एक कुत्र्याची. कुत्रा धरायचा की नाही यावर वाद झाला. पाणी तर काढले होते, म्हणून मी धरला.

वरच्या टोलीचा हिशेब लहानूने तिथल्या माणसाला बोलावून घेतला. पारडीला मी सायकलने जाऊन आलो, लहानू मागे कॅरियरवर. तिथले दोन घरांचे जुने भांडण आमच्यासमोर पुन्हा निघाले. तीन वाजता परत आलो. उन्हात बसून, एवढी मेलेली माणसे मोजून, मन जड व्हायला पाहिजे होते. झाले नाही. प्रत्येक नावाबरोबर कोणीतरी काहीतरी सांगत होते. हा पोहायला पक्का होता, ती तिखट फार खायची. फक्त आकडे लिहायचे होते, पण काही नावेही लिहिली गेली.

बेरीज ४७० आली. लहानूने विचारले, "तुमची धरली का?"

नव्हती धरली. धरली. ४७१.

मग देवकीची घागर बादलीने मोजली. पंधरा लिटर. तिथेच गुणाकार केला. चारशे एकाहत्तर घागरी म्हणजे सात हजार पासष्ट लिटर. नऊ फूट व्यासाच्या विहिरीत तेवढे पाणी तीन फूट अकरा इंच उंच उभे राहते. मी मोजलेला फरक चार फूट एक इंच.

देवकीला सांगितले की दोन इंचांचा हिशेब लागत नाही.

"पेले असतीन जी. दिवसभर उन्हात रांगेत उभ्या होत्या बाया. तहान काय मेलेल्यालेच लागते?"

हे टिपणात घातले. "रांगेतील व्यक्तींचे पिण्याचे पाणी, अंदाजे दोन इंच."

गुरुवार, २६ मे

जुना आकडा खोडला नाही. २९ फूट २ इंच तसाच ठेवला, त्याखाली कारण लिहिले, त्याखाली नवी दोन मापे, आणि सोबत घागरींचा तक्ता जोडला. शेवटी लिहिले की माप घेताना त्या दिवशी विहिरीवर काय चालले आहे याची चौकशी मी केली नाही, ही चूक माझी आहे. हे वाक्य तीनदा लिहावे लागले. पहिल्या दोन वेळा "चौकशी झाली नाही" असे लिहिले गेले होते.

दत्तोपंतांनी तक्ता पाहिला. "हे काय? मेलेल्यांची मोजदाद सरकारी अहवालाला जोडायची?"

"नावं नाहीत. फक्त घरवार बेरीज."

"वरचे साहेब हसतील."

"हसू द्या," मी म्हणालो. असे त्यांच्याशी कधी बोललेलो नाही. त्यांनाही ते जाणवले असावे.

बराच वेळ ते बोट फिरवत तक्ता वाचत होते. मला वाटले बेरीज तपासत आहेत. मग म्हणाले, "घरटी दोनच? आमच्याकडे तीन भरतात. माझ्या काकूची एक. ती बालविधवा, तिचं पुढं कोणी नव्हतं." चष्मा काढून पुसला. "हा कुत्रा कोणाचा?"

"पार्वतीबाईंचा."

"हं." त्यांनी सही केली.

सोमवार, ३० मे

कमिटीत मला आत बोलावले. आजवर फक्त फाइल आत जायची. पाच जण होते. एका इंजिनिअर साहेबांनी विचारले, गावाने तुम्हाला जे सांगितले ते तुम्ही खरे कसे मानले?

मी म्हणालो, "साहेब, माणसं पाण्याबद्दल खोटं बोलतील. आपल्या मेलेल्यांबद्दल तीन गावं मिळून एकसारखं खोटं बोलणार नाहीत. आणि विहीर अजून तिथंच आहे. उद्या सकाळी कोणीही जाऊन टेप सोडावा."

ते म्हणाले, "घागर पंधराचीच कशावरून? कोणाची दहाची असेल." बरोबर होते. मी म्हणालो, असेल. दहाची धरली तरी पाणी दोन फूट सात इंच उतरते. आजची पातळी बांधांच्या आधीपेक्षा तीन फूट वर आहे, ती तर घागरींवर अवलंबून नाही. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले.

बाहेर बाकावर अर्धा तास बसलो. 

दत्तोपंत बाहेर आले. पाचपैकी दोन बांध मंजूर. राखणदार एक वर्ष चालू. अट अशी की यापुढे वर्षभर माप दर महिन्याला घ्यायचे, तारखेबरोबर वेळ लिहायची, आणि त्या दिवशी सण, उपसा, लग्न काय आहे त्याचा रकाना ठेवायचा. या कामासाठी वेगळा माणूस मिळणार नाही.

"तेव्हा कोण करणार हे?" त्यांनी विचारले. मला विचारत नव्हते, उगाच म्हणत होते. मी करतो म्हणालो.

गुरुवार, २ जून

बोरझरी. बातमी सांगितली. आनंदाने ओरडा होईल असे वाटले होते. तसे काही झाले नाही.

"दोनच?" देवकी म्हणाली. "पाच सांगतले होते ना?"

"दोन मिळाले."

"एवढे मेलेले मोजले आन दोनच? काहून, कुत्रा धरला नाही का त्यायनं?"

लहानू खोकेपर्यंत हसला. मग दोघे मला नाल्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. पाचांतले कोणते दोन आधी, यावर त्यांचे जमेना. लहानूला वळणावर पाहिजे, देवकीला खडकाजवळ. ती म्हणाली, वळणावर वाळू सरकते, बांध वाहून जाईल. तो म्हणाला, "तुया जन्माच्या आंधीपासून पायतो हा नाला." ती म्हणाली, "मंग येवढे दिवस अडवला काहून नाही?" शेवटी मला विचारले. मला बांधातले काही कळत नाही, मी मोजणारा माणूस. तरी वाळूत काठी खुपसून पाहिली. वळणावर दोन हात आत गेली, खडकाजवळ वीतभर. खडकाजवळचा आधी, असे म्हणालो. लहानू रुसला. दुसरा कुठे घालायचा ते त्याने ठरवावे, असे ठरले.

"आन राह्यलेले तीन?" देवकीने विचारले.

"पुढच्या वर्षी पाहू."

"कोन पायन? तुमीच याल का दुसरा कोनी येईन?"

"मीच येईन."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली. "तुमाले आता हिरीचं थोडं थोडं समजून राह्यलं."

रविवार, ५ जून

दुपारी यमुताई आली. मी जेवणाच्या टेबलावर नव्या रजिस्टरला ओळी आखत होतो. तारीख, वार, तिथी, वेळ, पातळी, त्या दिवशी विहिरीवर काय. ऑफिसात छापील मिळते, पण त्यात तिथीचा आणि शेवटचा रकाना नाही.

तिला सगळे सांगितले. बोरझरीचे, घागरींचे, देवकीने भरली तिचे. मग तापाच्या तक्त्याचेही सांगितले. ठरवले नव्हते, ओघात निघाले.  तिने उठून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, जसा लहानपणी लावायची, आणि चहा टाकायला आत गेली. चहात साखर जास्त झाली होती. दोघांनी प्यायला.

जाताना तिने रजिस्टर चाळले. "अट एका वर्षाची म्हणालास ना?"

"हो."

"हे तर शहाऐंशीपर्यंत आखलंयस. तू पंच्याऐंशीत रिटायर होतोस."

पाहिले तर खरेच होते. छत्तीस महिने आखले गेले होते. मी म्हणालो, पाने उरली होती म्हणून.